इंग्रजीतील ‘टू हॅव’ : परफेक्ट इन्फिनिटिव्हचे अध्यापन

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यात येते. तरीही वरच्या इयत्तांतील मुलांच्या लेखनात ‘ही मस्ट बी केम’ अशी वाक्ये आढळतात. ती केवळ निष्काळजीपणाची नव्हेत. ‘तो आला असावा’ या मराठी वाक्यात साहाय्य ‘अस’ धातूचे असते. मूल त्याऐवजी ‘बी’ योजते. इंग्रजीत मात्र तेथे ‘हॅव’ व क्रियापदाचे तिसरे रूप लागते : ‘ही मस्ट हॅव कम’. हा भेद आरंभीच फळ्यावर मांडावा.

या रूपाचे मुख्य कार्य एकच : मुख्य क्रियापदाच्या काळाआधी क्रिया घडली, हे दाखविणे. ‘ही सीम्स टू बी इल’ म्हणजे तो आजारी दिसतो; ‘ही सीम्स टू हॅव बीन इल’ म्हणजे तो आजारी होता असे दिसते. पहिल्या वाक्यातील मुलास आज विश्रांती हवी. दुसऱ्यातील मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढावयास हवा. ‘हॅव’ गाळल्यास अर्थच पालटतो.

अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीसाठीही हेच रूप येते. ‘आय वॉज टू गो’ यावरून जाणे घडले की नाही, हे कळत नाही. ‘आय वॉज टू हॅव गॉन’ म्हटले की, जावयाचे ठरले होते पण गेलो नाही, हे स्पष्ट होते. ‘यू शुड हॅव कम’ म्हणजे ‘तुम्ही यावयास हवे होते’. येथे ‘शुड’नंतर ‘टू’ येत नाही. ‘ऑट’नंतर मात्र येतो.

दोनदा ‘हॅव’ घालण्याचा मोह टाळावा. ‘आय वुड हॅव लाइक्ड टू हॅव सीन इट’ याऐवजी, आवड तेव्हाची असेल तर ‘आय वुड हॅव लाइक्ड टू सी इट’ आणि हळहळ आजची असेल तर ‘आय वुड लाइक टू हॅव सीन इट’ असे लिहावे.

शिक्षकबंधुभगिनींनी नियम पाठ करवून घेण्यापूर्वी मुलांस एकच प्रश्न विचारावा : “कोणती क्रिया आधीची?” उत्तर मराठीत बरोबर आले, म्हणजे ‘हॅव’ची जागा मुलांस आपोआप उमगू लागेल.