हे कोणाला विचारावं?

भर पावसाळ्यात बसस्टँडवर उभ्या असलेल्या प्रवाशाला एवढंच हवं असतं: आंबोली घाट आत्ता सुरू आहे का? मोबाइलवर शोधलं तर धबधब्यांचे फोटो, हॉटेलांची यादी आणि दरड कोसळल्याची जुनी बातमी समोर येते. खरं उत्तर तासाभरापूर्वी घाट उतरलेल्या कुणाला तरी ठाऊक असतं, पण ते अजून कुठेच लिहिलं गेलेलं नसतं.

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली 'पेजरँक' पद्धत वेबपानांमधल्या दुव्यांवर चालते. ज्या पानाकडे इतर वजनदार पानं बोट दाखवतात, ते वर येतं. सर्वमान्य माहितीसाठी हे उत्तम. मोबाइलवरचे प्रश्न मात्र बरेचदा आत्ताचे, इथले आणि विचारणाऱ्याच्या आवडीनिवडीचे असतात. पडदा छोटा, टायपिंग किचकट; दहा दुवे उघडून बघायला सवड कुणाला?

यावर सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'आर्डव्हार्क' या सेवेने वेगळी वाट धरली. तिचे सहसंस्थापक डेमन होरोविट्झ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातले सेपंदार कामवार यांनी २०१० मधल्या शोधनिबंधात ती उलगडून सांगितली. ग्रंथालयात आपण पुस्तक धुंडाळतो, गावात जाणकाराला गाठतो. आर्डव्हार्कने गावाची रीत निवडली.

आयफोन, ईमेल किंवा चॅटवरून प्रश्न आला की संगणक आधी त्याचा विषय ओळखायचा. मग ओळखीपाळखीच्या जाळ्यातल्या माणसांना दोन बाबींवर जोखायचा: या विषयातलं किती कळतं, आणि विचारणाऱ्याशी किती जुळतं. जुळण्यात मैत्रीबरोबर आवडीनिवडी आणि बोलण्याची धाटणीही धरली जायची. त्या घडीला कोण ऑनलाइन आहे, कुणाला नुकताच त्रास दिलाय, हे पाहून मगच प्रश्न पुढे जायचा.

त्या निबंधानुसार ८७.७ टक्के प्रश्नांना किमान एक उत्तर मिळालं, ५७.२ टक्के प्रश्नांना तर दहा मिनिटांच्या आत. वेबवर माणसं तेव्हा दोन-तीन शब्द टाकायची, इथे प्रश्न सरासरी १८.६ शब्दांचा असायचा. समोर माणूस आहे म्हटल्यावर लोक आपली अडचण नीट मांडत होते.

आर्डव्हार्कसारखं मित्रांच्या मित्रांपर्यंत जाण्यालाही शास्त्रीय आधार आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखींतून येते. जिवलगांना जे ठाऊक असतं, ते बरंचसं आपल्यालाही ठाऊक असतं.

गूगलने २०१० मध्ये आर्डव्हार्क विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी बंद केली. २०१३ मध्ये फेसबुकने 'ग्राफ सर्च' आणलं. मित्रांना आवडलेली रेस्टॉरंटं त्यात शोधता यायची, पण खासगीपणावरून त्यावर टीका झाली. ती काळजी रास्तच आहे. जवळचा त्वचारोगतज्ज्ञ कोण, हा साधा प्रश्नही ओळखीच्यांत गेला की आपलं दुखणं उघड करतो.

पण म्हणून ही कल्पना सोडून देऊ नये, तिला नियम घालावेत. संपर्कयादी फोनबाहेर जाऊ नये. प्रश्न कुणाकडे जाणार, हे विचारणाऱ्याला आधी दिसावं आणि त्याने होकार दिल्यावरच तो निघावा. उत्तर देणाऱ्यालाही नकाराची मुभा असावी. आपल्याकडे शेती, रस्ते, दवाखाने यांबद्दलचं कितीतरी शहाणपण आजही तोंडीच फिरतं. फक्त लिहिलेलं चाळणारं शोधयंत्र त्याला कायमचं मुकतं. जाणत्या माणसापर्यंत प्रश्न पोचवणारं यंत्र ते कामाला लावू शकतं.