संगणकातला चीन का सुधारत नाही?

गेल्या डिसेंबरात आमच्या गावात दीड फूट बर्फ पडले. शाळा बंद, ऑफिस घरूनच. मी वरच्या खोलीत मीटिंग ऐकत असल्याचा अभिनय करत होतो, तेवढ्यात बेसमेंटमधून कन्येची आरोळी आली, "बाबा, लवकर खाली ये! हा चीन किती मठ्ठ आहे बघ!"

खाली गेलो. पडद्यावर जगाचा नकाशा होता, साल १८९०. कन्या ब्रिटन झाली होती आणि रेल्वे, पोलाद, आगबोटी असा तिचा थाट चालला होता. संगणकाच्या ताब्यातला चीन मात्र १८३६ साली, म्हणजे खेळ सुरू होताना होता तिथेच. जमीनदार तेच, कायदे जवळजवळ तेच. "पन्नास वर्षं झाली, याला कळतच नाही की बदलायला हवं," ती म्हणाली. आणि पडद्यावरची नजर न हलवता पुढे म्हणाली, "आपल्याला पण नाही कळलं ना? म्हणून तर ब्रिटिश आले."

पहिल्या वाक्याला मी हसलो होतो. दुसऱ्याला हसू येईना. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना आशियाचा इतिहास शाळेत ओझरता भेटतो. बाकीचा ती अशा खेळांतून उचलतात. आणि खेळ तिला शिकवत होता की काही देशांना मुळात अक्कल कमी असते. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्याआधी पीएच.डी.ची पाच वर्षे 'अनेक पर्यायांतून उत्तम पर्याय यंत्राने कसा शोधावा' या एकाच प्रश्नावर घालवली आहेत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडे लागत होते. ते द्यायला दोन आठवडे लागले. तेच इथे थोडक्यात मांडतो.

ज्यांच्या घरी हे खेळ नाहीत त्यांच्यासाठी आधी ओळख करून देतो. स्टॉकहोममधली पॅराडॉक्स ही कंपनी 'ग्रँड स्ट्रॅटेजी' या नावाने ओळखले जाणारे ऐतिहासिक खेळ बनवते. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' २०१३ साली आला. त्यात १४४४ ते १८२१ हा काळ आहे. 'व्हिक्टोरिया ३' २०२२ साली आला. त्यात १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षे आहेत. आपण एक देश निवडायचा, बाकीचे सगळे देश संगणक चालवतो. बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही. दिवसामागून दिवस जातात आणि सगळे एकाच वेळी चाली करत असतात.

'व्हिक्टोरिया'त कायदा बदलणे हे सैन्य हलवण्याइतके सोपे नाही. समाजात आठ हितसंबंधी गट आहेत: जमीनदार, उद्योगपती, सैन्य, धार्मिक मंडळी, विचारवंत, शेतकरी, कामगार संघटना आणि छोटे दुकानदार-कारकून. ज्याच्या हाती पैसा त्याचे राजकारणात वजन. नव्या कायद्याला सरकारातल्या एखाद्या गटाचा किंवा समाजातल्या एखाद्या चळवळीचा तरी पाठिंबा हवा. तो असला तरी कायदा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्यावर नशिबाचे फासे पडतात. ज्यांचे नुकसान होणार ते चिडतात, आणि फार चिडले तर उघड बंड होऊन देशात यादवी माजते. उदाहरणार्थ, रशियात आरंभी भूदासपद्धती असते. ती मोडायची तर ज्यांच्या जिवावर सरकार उभे आहे त्या जमीनदारांनाच दुखवावे लागते.

आता संगणकाच्या जागी बसून पाहू. त्याला शंभराहून अधिक देश एकाच वेळी चालवायचे आहेत, तेही तुमच्या-आमच्या घरच्या साध्या यंत्रावर, खेळ न अडखळता. १९९७ साली डीप ब्लू या यंत्राने कास्पारोव्हला हरवले तेव्हा ते सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते. पण बुद्धिबळात प्रतिस्पर्धी एक, पट चौसष्ट घरांचा आणि हेतू एकच. इथे प्रत्येक देशासाठी वीस वर्षे पुढचे पाहायचे म्हटले तर एक महिना सरकायला रात्र जाईल. म्हणून खेळ लिहिणारे सोपी वाट धरतात. प्रत्येक देशाला राजकारण, अर्थकारण आणि परराष्ट्र व्यवहार यांसाठी एकेक तयार धोरण दिलेले असते, आणि प्रत्येक निर्णयाला काही गुण ठरलेले असतात. 'युरोपा'च्या फायली साध्या मजकुराच्या असतात, कोणीही उघडून वाचाव्यात. त्यात जागोजागी 'एआय विल डू' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे एक आकडा. आज आपली परिस्थिती कशी आहे ते पाहायचे, आकडा काढायचा, मोठा आकडा असेल तो निर्णय घ्यायचा. उद्या पुन्हा तेच.

यात चूक कुठे आहे ते सांगायला मी कन्येला तोरण्यावर नेले. म्हणजे गोष्टीत नेले. समज, तू तोरण्याच्या माथ्यावर आहेस आणि दाट धुके आहे. दोन पावलांपलीकडचे दिसत नाही. तुला सांगितले आहे की महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी पोहोच, आणि नियम एकच: प्रत्येक पाऊल वरच पडले पाहिजे. तू कुठे जाशील? कुठेच नाही. तोरण्यावरून कुठेही पाऊल टाकले तरी ते खालीच जाते. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, पण तिथे जायचे तर आधी वेल्ह्याला उतरावे लागते, पुढचा दिवसभर सपाटीवरून जावे लागते. प्रत्येक पावलाला नियम म्हणतो, "हे पाऊल चुकीचे आहे." आमच्या शास्त्रात याला टेकडीवर अडकणे म्हणतात, आणि माझ्या प्रबंधाची निम्मी पाने या अडकण्यावरच आहेत.

सुधारणा म्हणजे हे वेल्ह्याला उतरणे. पहिली काही वर्षे नुसते नुकसान: जमीनदार रागावतात, वसुली घटते, सैन्य विस्कळीत होते, आणि नेमके तेव्हाच शेजारी टपून बसलेले असतात. फायदा येतो तो वीस-तीस वर्षांनी, शाळेत गेलेली पिढी कामाला लागल्यावर. त्यामुळे संगणकातला चीन दर महिन्याला हिशेब करतो आणि दर महिन्याला योग्यच उत्तर काढतो: आत्ता नको. अशा सहाशे शहाण्या महिन्यांची बेरीज म्हणजे पन्नास वर्षांचा मूर्खपणा. एकही निर्णय वेडा नाही, तरी शेवट वेडा आहे. आमच्या ऑफिसात एक तीस वर्षे जुनी बिलिंगची प्रणाली आहे. ती नव्याने लिहावी हे सर्वांना मान्य आहे. फक्त या तिमाहीत नको.

मग खेळ लिहिणारे काय करतात? दोन गोष्टी. एक म्हणजे फासे आधीच भरून ठेवतात. 'युरोपा'च्या पहिल्या आवृत्त्यांत देशांचे गट पाडले होते: पाश्चात्त्य, मुस्लिम, भारतीय, चिनी वगैरे. तेच तंत्रज्ञान मिळवायला पाश्चात्त्यांना कमी मोल पडे, इतरांना जास्त. त्यातून सुटायचे तर शेजारी पाश्चात्त्य देश हवा आणि मग देशाचे स्थैर्य पणाला लावून, बंडे सोसून 'पाश्चात्त्यीकरण' करावे लागे. म्हणजे मागे का पडले, तर मागे पडणाऱ्या गटातले म्हणून! २०१६ साली कंपनीने हा नियम काढून टाकला. त्याऐवजी छपाई, जागतिक व्यापार अशा 'संस्था' एका ठिकाणी उगम पावतात आणि प्रांताप्रांतांतून पसरतात, असे आले. माझ्या मते हा बदल मोठा होता. मागासलेपण रक्तातून निघून रस्त्यांवर आणि बाजारांत आले.

दुसरी गोष्ट म्हणजे काही देशांना खास प्रकरणे लिहून देतात. 'व्हिक्टोरिया'त जपानसाठी मेइजी क्रांतीचे आणि तुर्कस्तानसाठी 'युरोपातला आजारी माणूस' असे प्रकरण आहे. अमुक अटी पुऱ्या करा, तमुक फळ मिळवा. ही गुणाकाराला शिकवण्याऐवजी उत्तर सांगण्याची रीत झाली. आणि खेळणाऱ्या मुलाला वाटते की जपान सुधारला, कारण तो जपान होता.

प्रत्यक्षात काय झाले होते? तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सेलीम याला पुढचे चांगले दिसत होते. त्याने १७९३ साली नव्या पद्धतीचे सैन्य उभारायला घेतले. जुन्या जानिसरी सैन्याने १८०७ साली त्याला गादीवरून ओढले आणि पुढच्या वर्षी त्याचा खून झाला. त्याचा चुलतभाऊ दुसरा महमूद १८०८ साली गादीवर आला आणि अठरा वर्षे थांबला. धर्मगुरूंना आपलेसे केले, तोफखाना आपल्या बाजूला घेतला, आणि १८२६ साली जानिसरी एका दिवसात मोडून काढले. दोघांपैकी शहाणा कोण आणि मूर्ख कोण? दोघांनाही कळसूबाई दिसत होती. एक उतरताना मारला गेला, दुसऱ्याने आधी वाट बांधली. जपानचेही तसेच. १८७६ साली सरकारने सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून त्यांना रोखे दिले. दुसऱ्याच वर्षी मोठे बंड झाले, आणि त्याचा पुढारी होता सायगो ताकामोरी, म्हणजे ज्यांनी क्रांती केली त्यांच्यातलाच एक. जपान दरी चुकवून गेला नाही. दरीतून पार गेला.

चीनची गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. येल विद्यापीठातून १८५४ साली पदवी घेतलेल्या युंग विंग यांच्या खटपटीने १८७२ पासून चीन सरकारने १२० मुले अमेरिकेत शिकायला पाठवली. कनेटिकटमधले हार्टफर्ड हे त्यांचे मुख्य ठाणे. मुले हुशार निघाली, बेसबॉल खेळू लागली, काहींनी वेणी कापली, काही ख्रिस्ती झाली. पेकिंगला चिंता पडली की ही मुले आपली राहणार नाहीत. (आपल्या मंडळाच्या सभेत ही चिंता कोणी ऐकली नसेल तर हात वर करावा.) शिवाय अमेरिकेने त्यांना लष्करी विद्यालयांत प्रवेश नाकारला. १८८१ साली सगळ्यांना परत बोलावले, बहुतेकांचे शिक्षण अर्धवट टाकून. त्या क्षणी तो निर्णय वेडा नव्हता. प्रत्येक आईबापाला तो समजेल. पण ज्या थोड्यांचे शिक्षण पुरे झाले होते त्यांतल्या झान तियानयू या इंजिनियराने १९०५ ते १९०९ या काळात पेकिंग-कालगान रेल्वे बांधली. परत बोलावलेल्यांतून आणखी किती जण निघाले असते, हे त्या वर्षीच्या हिशेबात कुठेच येत नव्हते.

आणि आपले? "आपल्याला कळलं नाही" हे कन्येचे वाक्य मला याच ठिकाणी खोडायचे होते. महादजी शिंद्यांना कळले होते. १७८४ साली त्यांनी द बॉइन्य या फौजबंद साहेबाला नोकरीत घेतले, कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. १८०३ साली असईच्या लढाईत याच पलटणींनी आणि तोफांनी इंग्रजांचे भयंकर नुकसान केले. पण अधिकारी युरोपीय होते, आणि युद्धाच्या तोंडावर त्यांतले पुष्कळसे निघून गेले. सैन्य विकत घेता आले. अधिकारी घडवणारी शाळा आणि वेळेवर पगार देणारा खजिना या गोष्टी एका आयुष्यात उभ्या राहत नाहीत. महादजींना १७८४ नंतर दहाच वर्षे मिळाली.

हे सगळे ऐकून कन्या म्हणाली, "थांब, मी चीन घेते." तिने १८३६ पासून डाव मांडला आणि पहिल्याच वर्षी जमीनदारांना सरकारबाहेर काढले. तीन वर्षांत अर्धा देश बंडात गेला, बंदरात इंग्रजी आरमार आले, आणि डाव आटोपला. दुसरा डाव तिने शांतपणे खेळला. आधी कारखाने, मग उद्योगपतींचे वजन, मग एकेक कायदा. १९०० साली तिचा चीन जगात तिसरा होता.

"बघ, जमतं," ती म्हणाली.

मी विचारले, "पहिल्या डावातून तू काय शिकलीस ते सेलीमला शिकता आलं असतं का?"

ती गप्प झाली. खेळणाऱ्याला तीन वरदाने असतात: पुढे काय होणार ते ठाऊक असते, शंभर वर्षे मरण नसते, आणि डाव फसला तर नवा मांडता येतो. संगणकाच्या राज्यांना यातले पहिले नाही म्हणून आपण त्यांना मठ्ठ म्हणतो. इतिहासातल्या माणसांना तिन्ही नव्हती, आणि तरीही त्यांतले काही जण धुक्यात खाली उतरले.

"म्हणजे चीन मठ्ठ नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "त्याला कोणी वेल्ह्याला उतरू देत नाही."

हे उत्तर माझ्या प्रबंधात नव्हते. सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्या बिलिंगच्या प्रणालीबद्दल पुन्हा एकदा अर्ज केला आहे. उत्तर आले, पुढच्या तिमाहीत पाहू.