मोकळी जागा कुणाची?

छापील पानावरील मोकळ्या जागेकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपण वाचतो ती अक्षरे. संगणकाच्या लेखी मात्र ती जागा हेही एक चिन्हच असते. एक्सएमएल या लेखनपद्धतीत तर ते नीट न हाताळल्यास अर्थच बदलतो. हा विषय वर्गात शिकवताना मला नेहमी वाटते की, तो समजून घ्यायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही.

एक्सएमएलची पहिली अधिकृत आवृत्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत मजकुराचे भाग खुणांच्या जोड्यांत बसवतात. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. मोकळी जागा म्हणून चारच चिन्हे मानली जातात : स्पेस, टॅब, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. दस्तऐवज वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. त्याला नियम असा की, खुणांबाहेरचे प्रत्येक चिन्ह पुढे सोपवायचे. ओळ संपल्याची निरनिराळी रूपे तेवढी तो एका लाइन फीडमध्ये बदलतो. कोणती जागा कामाची आणि कोणती शोभेची, हे ठरवणे त्याचे काम नव्हे.

आता हे उदाहरण पाहा :

<वाक्य><ठळक>रामा</ठळक>ने पत्र लिहिले.</वाक्य>

डोळ्यांना नीटनेटके दिसावे म्हणून खुणा एकाखाली एक मांडणाऱ्या प्रोग्रॅमला प्रेटी-प्रिंटर म्हणतात. त्याने आतला मजकूर न पाहता काम केले, तर असे होते :

<वाक्य>
  <ठळक>रामा</ठळक>
  ने पत्र लिहिले.
</वाक्य>

‘रामा’ आणि ‘ने’ यांच्यामध्ये आता जागा शिरली. प्रत्यय सुटला आणि कुणी रामाला ‘घेऊन जा’ म्हणून सांगत आहे, असा भास होऊ लागला. हिंदीत ‘राम ने’ असे सुटे लिहितात, म्हणून तिथे ही चूक लपून राहील. आपल्याकडे आणि कानडीतही प्रत्यय शब्दाला जोडूनच येतो, त्यामुळे ती लगेच खटकते.

मग सगळ्या रिकाम्या जागा पुसून टाकाव्यात का? तेही घातकच.

<ठळक>तो</ठळक> <तिरके>रण</तिरके> सोडून गेला.

यातील दोन खुणांमधली एकुलती एक जागा पुसली, की ‘तोरण सोडून गेला’ असे होते!

म्हणून विद्यार्थी मित्रांनी एक भेद लक्षात ठेवावा. गुणपत्रिकेसारख्या दस्तऐवजात ज्या खुणेच्या आत फक्त दुसऱ्या खुणाच असतात, तिथे खुशाल मांडणी करावी. जिथे खुणा आणि मजकूर एकमेकांत मिसळलेले असतात, तिथे हात लावू नये. कवितेसारख्या मजकुराला ‘एक्सएमएल:स्पेस’ या गुणधर्माची ‘प्रिझर्व्ह’ ही किंमत देता येते. पण ती केवळ सूचना असते आणि पुढच्या प्रोग्रॅमने ती पाळावी लागते. डिजिटल सही केलेल्या दस्तऐवजाची तर मांडणी बदलूच नये. सहीखालच्या मजकुरात एक जागा वाढली, तरी ती सही पडताळणीत टिकत नाही.

लेखकाने ठेवलेली जागा हा मजकूर आहे. यंत्राने घातलेली जागा ही केवळ सजावट. हा फरक यंत्राला कळत नाही, तो आपणच त्याला सांगावा लागतो.