ग्रामीण संग्रहालय : आधी नोंद, मग अनुदान

खडवलीसारख्या भातसा नदीकाठच्या गावांत भात पूर्वी पायली-शेराने मापीत. १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि पायली हळूहळू माळ्यावर गेली. इरले, कणगी, जाते यांचीही तीच गत झाली. अशा वस्तूंसाठी गावात लहानसे संग्रहालय असावे, हा विचार स्तुत्य होय; परंतु त्यास पैसा कोठून आणावयाचा?

नवे संग्रहालय उभारणे, जुन्याचा विकास करणे, संग्रहाचे अंकीकरण व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची अनुदान योजना आहे. हे साहाय्य मंजूर प्रकल्पापुरते असते. खर्चाचा काही हिस्सा संस्थेने उभा करावयाचा असतो. सार्वजनिक ग्रंथालयांची गोष्ट निराळी. १९६७ च्या अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांस त्यांच्या वर्गाप्रमाणे दरसाल परिरक्षण अनुदान मिळते. म्हणून संग्रहालयाची इमारत अनुदानातून उभी राहिली, तरी झाडलोट, दिवाबत्ती व राखण यांची तरतूद गावाने आधीच केली पाहिजे. ती नसेल, तर दारास कुलूप लागते आणि आत वाळवी शिरते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू चिकाटीने जमविल्या. त्या संग्रहातून उभे राहिलेले, त्यांचेच नाव धारण करणारे संग्रहालय आज राज्य शासनाकडे आहे. तेथे संग्रह आधी झाला. शासनाचा आधार मागाहून आला.

शाळेस या कामी विनाखर्च हातभार लावता येईल. शिक्षकांनी एक नोंदवही ठेवावी. तीत अनुक्रमांक, वस्तूचे गावातील नाव, तिचा उपयोग, देणाराचे नाव, दिनांक व वस्तूची स्थिती लिहावी. वस्तू कायमची दिली की काही काळ ठेवावयास दिली, हे स्पष्ट नमूद करून सही घ्यावी. पुढील तंटे त्यामुळे टळतात. वृद्धांकडून माहिती विचारून घेण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे. अनुदान मागताना संग्रहात काय आहे व ते कोणाच्या मालकीचे आहे, हे दाखविण्यास हीच वही उपयोगी पडते.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. जमिनीत दडलेली नाणी वा अन्य मौल्यवान वस्तू सापडल्यास ती शाळेच्या कपाटात ठेवू नयेत. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे.

माळ्यावरील पायली ज्याने प्रत्यक्ष वापरली, तो मनुष्य गावात आहे तोवरच तिची हकीकत लिहून घेता येईल. अनुदानाची वाट पाहत हे काम लांबणीवर टाकू नये.