पेशीच्या दारावरचा पहारा

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी सुरू केली. ‘‘ही कॅल्शियमची दारं बंद करते,’’ एवढंच ते घाईघाईत म्हणाले. मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कवी. कॅल्शियम म्हणजे दूध आणि हाडं, एवढीच माझी समजूत. मी दूध सोडलं. त्या वर्षी ईदच्या दिवशी घरच्या शिरखुर्म्यालाही हात लावला नाही. पुढच्या खेपेला हा पराक्रम सांगितला, तेव्हा डॉक्टर हसले. ‘‘अहो, दुधाचा काय संबंध? दार पेशीला असतं!’’

मंडळी, त्या दाराची चौकशी करता करता जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या गाभ्यात क्रोमॅफिन नावाच्या पेशी असतात. गर्भावस्थेत ज्या पेशींपासून आपले काही मज्जातंतू घडतात, त्याच कुळातल्या या. म्हणजे चुलत भावंडंच. फरक इतकाच, की मज्जापेशी आपला निरोप शेजारणीच्या कानात सांगते, तर ही पेशी तो रक्तात सोडते, गावभर दवंडी पिटावी तसा. हा निरोप म्हणजे ॲड्रेनलीन. व्यासपीठावर आपलं नाव पुकारलं की छाती धडधडते ना, त्यात याचा मोठा हात असतो.

ॲड्रेनलीन पेशीच्या आत इवल्या इवल्या पिशव्यांत भरून तयार असतं. त्या पिशव्या उघडतं कोण? कॅल्शियम! पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट अधिक असतं. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावं तसं. मज्जातंतूचा इशारा आला की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, दारं क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पिशव्या बाहेर रित्या होतात. 1961 साली डग्लस आणि रुबिन यांनी मांजराच्या ग्रंथीवर हे दाखवलं. ग्रंथीतून कॅल्शियम नसलेला द्राव फिरवला, तेव्हा इशारा देणारं रसायन घालूनही ती गप्प राहिली. कॅल्शियम परत दिलं, तशी पाझरू लागली. पुढे एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांनी एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजण्याची युक्ती काढली. त्यासाठी त्यांना 1991 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

मला खरी गंमत वाटली ती दाराच्या पहाऱ्याची. पिशवीतून ॲड्रेनलीनबरोबर एटीपी आणि अफूसारखा गुण असलेले काही पदार्थही बाहेर पडतात. ते त्याच पेशीच्या पडद्यावर येऊन टेकतात आणि जी-प्रथिनांमार्फत काही दारांना सांगतात, ‘आता पुरे, जरा सबुरीनं.’ मग ती दारं उघडायला कुरकुर करतात. आत शिरलेलं कॅल्शियमही कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाच्या मदतीनं काही दारं मिटवू लागतं. म्हणजे पेशी आपलाच शब्द ऐकते आणि आवाज खाली आणते. मात्र संकट खरंच मोठं असलं आणि मज्जातंतूचे इशारे लागोपाठ आदळू लागले, तर हा लगाम बराचसा सैल पडतो. पहारेकरी कडक आहे, पण आडमुठा नाही.

हा बंदोबस्त किती मोलाचा, हे तो मोडतो तेव्हा कळतं. या पेशींची फिओक्रोमोसायटोमा नावाची एक विरळा गाठ होते. तिला मज्जातंतूच्या हुकमाची गरज उरत नाही. मनात येईल तेव्हा ती रक्तात ॲड्रेनलीनसारखी रसायनं ओतते. माणूस शांत बसलेला असतो आणि रक्तदाब एकाएकी भडकतो, डोकं ठणकतं, दरदरून घाम फुटतो. भीती येते, पण कारण नसतं.

आणि माझी गोळी? कॅल्शियमच्या दारांच्या अनेक जाती आहेत. त्यांतली ‘एल’ जातीची दारं क्रोमॅफिन पेशीतही असतात आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतही. माझी ॲम्लोडिपिनची गोळी मुख्यतः त्या स्नायूंतली दारं आवरते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. हाडांतल्या किंवा पेल्यातल्या कॅल्शियमशी तिचं वैर नाही.

तेव्हा माझ्यासारखं अर्धवट ऐकून पथ्य पाळू नका. डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा. त्यात कमीपणा नाही. पुढच्या ईदला मी दोन वाट्या शिरखुर्मा घेतला. साखर मात्र बेतानं!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)