शिणाची परीक्षा

थकवा येतो, एवढ्या तक्रारीवर चिनी वैद्य सुई उचलत नाही. तो थकवा दिवसाच्या कोणत्या प्रहरी बळावतो, जेवल्यावर वाढतो की रित्या पोटी, चालल्याने उतरतो की चालल्याने अंग अधिकच मोडून येते, याची सविस्तर जबानी घेतल्याखेरीज त्याच्या दफ्तरी रोगाचे नावच दाखल होत नाही. बीजिंगमधील पारंपरिक वैद्यकाच्या एका रुग्णालयात, मी युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या मुलखातला आहे हे कळताच एका वयोवृद्ध वैद्यांनी आपल्या मेजाशेजारी बसण्याची इजाजत मला दिली, आणि दुभाष्याच्या साहाय्याने ही जबानी पुष्कळ ऐकल्यावर, या वैद्यकाचे सामर्थ्य सुईच्या टोकापेक्षा या विचारपुशीत अधिक आहे, असे माझे मत झाले.

चाळिशीच्या घरातील एक हिशेबनीस बाई थकव्याची तक्रार घेऊन समोर बसल्या होत्या. मेजावरच्या लहानशा उशीवर त्यांनी मनगट ठेवले आणि वैद्यांनी नाडीवर तीन बोटे टेकवली. आपल्याकडील वैद्यही तीन बोटांनीच नाडी पाहतात. परंतु ते वात, पित्त व कफ शोधतात, तर येथे डाव्या मनगटावर हृदय, यकृत व मूत्रपिंड आणि उजव्यावर फुप्फुस, प्लीहा व पुन्हा मूत्रपिंड यांची स्थिती अजमावली जाते, आणि तीही प्रथम हलक्या, मग मध्यम व शेवटी खोल दाबाने. जीभ पाहिली, तर ती फिकट, किंचित सुजलेली, आणि दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेली. अन्नापासून ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती निर्माण करणाऱ्या प्लीहेचे बळ खचल्याचे हे चिन्ह मानतात. ही प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात हाती लागणारा अवयव नव्हे. पचन, पोषण आणि स्नायूंचे बळ यांचा कारभार पाहणारे ते एक खाते समजावे.

त्यांच्यामागून आलेल्या टॅक्सीचालकाचीही तक्रार शब्दशः तीच होती. पण त्याची नाडी ताणलेल्या तारेसारखी लागत होती, बरगड्यांखाली दाटल्यासारखे होत होते, बोलता बोलता तो सुस्कारे टाकीत होता, आणि गाडी उभी करून तासभर पायी हिंडले की त्याला हुशारी वाटे. याची शक्ती सरलेली नाही, ती अडली आहे, असा वैद्यांचा निर्णय पडला; आणि त्याने आपल्या मनाने चालवलेले जिनसेंग त्यांनी तत्काळ बंद करविले, कारण तुंबलेल्या ठिकाणी भर घातल्याने तुंबाराच वाढतो.

शिणाकडे असे पाहण्याचा मोठा वारसा ली दोंग्युआन (११८०–१२५१) या वैद्याकडून आला आहे. १२३२ साली मोंगल फौजेने कायफंगला वेढा घातला असता तो त्या नगरात होता. वेढा उठल्यावर माणसे तापाने धडाधड मरू लागली, आणि तेथले वैद्य बाहेरून शिरलेला शीतविकार समजून घाम काढण्याची व रेचनाची औषधे देत राहिले. उपासमार, चिंता आणि अतिश्रम यांनी ज्यांची प्लीहा व जठर आधीच मोडून पडली होती, त्यांना या औषधांनी अधिक लवकर मृत्यू आला, असे लीने हिरिरीने मांडले. आणि त्याने सिद्ध केलेला, हुआंगची या मुळीला मुख्य स्थान देणारा आठ द्रव्यांचा काढा आजही थकव्यासाठी लिहून दिला जातो. हिशेबनीस बाईंच्या हाती पडला तो हाच.

मग सुया. गुडघ्याखाली रुग्णाचीच चार बोटे आडवी मावतील एवढ्या अंतरावर, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर, त्सू-सान-ली नावाचे स्थान आहे; माप रुग्णाच्याच बोटांचे, त्यामुळे उंच-ठेंगण्याचा प्रश्न उरत नाही. पाव मिलिमीटर जाडीची सुई शिरताना बाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. वैद्यांनी ती हलकेच फिरवताच मात्र भुवया आकसून ‘जड वाटते’, असे त्या म्हणाल्या. या जडपणाची, ठणक्याची वा मुंग्यांची वाट पाहिली जाते. तो येईतो सुई लागू झाली, असे समजत नाहीत. नाभीखाली सुईऐवजी शेक होता: आपल्या दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या कुटलेल्या पानांची कांडी पेटवून, कातडीला न टेकवता, लाली येईपर्यंत धरलेली.

याने थकवा जातो काय? २०१२ साली ब्रिटनमधील एका चाचणीत स्तनकर्करोगाच्या ३०२ रुग्णांचा अभ्यास झाला. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, असे सहा आठवडे सुया घेतलेल्यांचा थकवा नुसत्या नेहमीच्या देखभालीत असलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. परंतु तीत खोट्या सुयांशी तुलना नव्हती. म्हणून सुईचा गुण किती आणि आस्थेने झालेल्या शुश्रूषेचा किती, याचा निवाडा तिने होत नाही. रक्तक्षय, मधुमेह वा कंठग्रंथीचा विकार थकव्याआड दडलेला असताना नाडीवरच विसंबणे मला धोक्याचे वाटते, आणि हे मी त्या वैद्यांना स्पष्ट बोलून दाखवले. उत्तरादाखल त्यांनी हिशेबनीस बाईंच्या कागदांतील, त्यांनीच मागवलेला रक्ततपासणीचा अहवाल पुढे सरकवला. हिमोग्लोबिन बरेच खाली आले होते. त्यांनी मासिक पाळीची चौकशी केली, अतिस्राव होतो हे ऐकून घेतले, त्याच इमारतीतील आधुनिक स्त्रीरोग विभागाच्या नावे चिठ्ठी लिहिली, लोहाच्या गोळ्या चालू करविल्या, आणि काढा व सुया तशाच पुढे चालवण्याचा शेरा मारला.