विमानप्रवासात खुर्ची मागायला लाजू नका

लिंबागणेश आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या माणसांनी आजवर लांबचा प्रवास केला तो कारखान्याच्या ट्रकने, ट्रॅक्टरने नाहीतर एसटीने. विमान म्हणजे फडात कोयता थांबवून वर बघायची गोष्ट. आता तसे राहिलेले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले-मुली शिकली, पुण्याला, बंगळुरूला, आखाती देशांत कामाला लागली आणि आता ती आईवडिलांना बोलावून घेत आहेत. बोधगयेला जायचे तरी रेल्वेतले दोन दिवस वाचावेत म्हणून काही कुटुंबे विमानाचे तिकीट काढतात. जाणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची. कोणाला साखर, कोणाला दमा, कोणाचे गुडघे मोळ्या वाहून झिजलेले, तर कोणाला रात्री झोपताना श्वासाचे मशीन लागते.

अशा प्रवासाला निघालेल्यांच्या घरी आम्ही जातो, औषधांच्या पिशव्या उघडून बघतो, कागद तपासतो. जवळपास प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येते, "कशाला उगं दुसऱ्याला तरास? चालंन मी हळूहळू." या एका वाक्यापायी खुर्ची मागितली जात नाही, मशीन घरीच राहते आणि आजार लपवून तिकीट काढले जाते. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. विमानतळावरची खुर्ची, मदतनीस आणि आपले उपकरण सोबत नेणे ही कोणाची मेहरबानी नाही. तो हक्क आहे आणि तो लोकांनी भांडून मिळवलेला आहे.

हा हक्क कसा पक्का झाला

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. स्पाइसजेटच्या विमानात त्या आपल्या जागेवर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आले. मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेसोबत त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी निकाल लागला आणि न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. संविधानाच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, आणि दिव्यांग व्यक्तीला दया नको, समान वागणूक हवी, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला ५ लाखांचा दंड केला. जुलै २०२२ मध्ये नियमही बदलला. आता केवळ दिव्यांग आहे म्हणून कोणालाही नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असे कंपनीला वाटले, तर डॉक्टरांनी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष तपासले पाहिजे आणि प्रवासाला योग्य आहे की नाही ते स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यानंतरच कंपनीने निर्णय घ्यायचा. नाकारले तर कारण लगेच लेखी द्यायचे.

तरीही कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाने स्वतःसाठी आणि पत्नीसाठी दोन खुर्च्या मागितल्या होत्या. मिळाली एक. पत्नीला खुर्चीत बसवून ते बाजूने चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. मोठ्या विमानतळावरचे चालणे लांबलचक असते, हातात सामान असते, झोप झालेली नसते. आधीच दमलेल्या हृदयावर त्याचा ताण येतो. म्हणून खुर्ची मागितली असेल तर ती येईपर्यंत विमानातली आपली जागा सोडू नका. "थोडं चला, पुढं मिळेल" असे कोणी म्हटले तरी उठू नका.

४८ तास आधी काय सांगायचे

मदत हवी असल्याचे कंपनीला प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कळवायचे असते. तिकीट काढतानाच कळवले तर उत्तम. खुर्चीचे तीन प्रकार असतात आणि तिकिटावर त्यांची खूण लागते. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर. सपाटीवर थोडे चालता येते पण पायऱ्या जमत नाहीत, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालता येत नाही, त्यांना विमानातल्या आसनापर्यंत नेण्यासाठी डब्ल्यूसीएचसी. तिसऱ्याची गरज असताना पहिला प्रकार लिहिला गेला, तर विमानाच्या शिडीखाली अडकून पडायची वेळ येते.

वयस्कर माणसाला खुर्चीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. वैद्यकीय दाखला फक्त काही बाबतींत मागता येतो. वाटेत ऑक्सिजन लागणार असेल, विमानात एखादे उपकरण चालवायचे असेल, संसर्गजन्य आजार असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर कंपनी एक वैद्यकीय फॉर्म देते. तो डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. आजार लपवू नका. लपवलेला आजार वरती उघडा पडला तर तिथे दवाखाना नसतो.

वरच्या हवेत शरीराचे काय होते

विमानाच्या आतल्या हवेचा दाब साधारण ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच असतो. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन सगळ्यांचाच थोडा उतरतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. दम्याच्या, फुप्फुसाच्या, हृदयाच्या रुग्णाला कळते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडलेला असेल तर तो काढा. शांत बसलेले असताना ९२ च्या खाली आकडा दिसत असेल तर तिकिटाआधी डॉक्टर गाठा. ९२ ते ९५ च्या मध्ये असेल तरी विचारूनच निघा.

विदर्भातल्या आपल्या सोयऱ्यांमध्ये सिकलसेल बराच आढळतो. 'एएस' म्हणजे नुसते वाहक असलेल्यांना विमानाचा सहसा त्रास होत नाही. 'एसएस' रुग्णाने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच जावे, भरपूर पाणी प्यावे, अंगावर उबदार कपडे ठेवावेत. वेदनेचा क्रायसिस येऊन गेला असेल तर त्यानंतर निदान दहा दिवस विमान टाळावे.

उंचीवर हवा प्रसरण पावते. कालपरवाच प्लास्टर घातलेले असेल तर आत सूज येऊन पाय आवळतो. निघण्याआधी प्लास्टर उभे चिरून घ्यावे लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. लघवीची नळी असेल तर आतल्या फुग्यात हवा नसून पाणी भरलेले आहे ना, याची खात्री नर्सकडून करून घ्या. पोटावर शौचाची पिशवी असेल तर निघण्याआधी ती रिकामी करा आणि दोन जास्तीच्या पिशव्या हाताशी ठेवा.

हातातली पिशवी आणि मोठी बॅग

नियम सोपा आहे. ज्याच्याशिवाय एक दिवस निघणार नाही, ते सगळे हातातल्या पिशवीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकले तर सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरायचे नसते. बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर औषधही गेले. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, पंप, नेब्युलायझर, श्वासाचे सीपॅप मशीन आपल्याजवळच ठेवा. वैद्यकीय उपकरण बहुतेक कंपन्या हातातल्या सामानाच्या वजनात धरत नाहीत, पण ते आधी कळवून तिकिटावर नोंदवून घ्या.

गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका. पाकिटासकट न्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर वाचता येईल असे लिहून घ्या. आखाती देशांत जाणाऱ्यांनी जास्त जपावे. गुडघेदुखीसाठी इथे सर्रास मिळणारी ट्रामाडॉल, किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहे, त्यासाठी आधी परवानगी लागते. मुलासाठी म्हणून घेतलेली खसखसही तिथे चालत नाही.

बॅटरी आणि ऑक्सिजन

बॅटरीची खुर्ची किंवा मशीन नेताना तिच्यावरचे आकडे बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर असेल तर २४० वॅट-अवर झाले. साध्या उपकरणाची लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत सोबत नेता येते. १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी लागते. घडीच्या खुर्चीची निघणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, पण ती काढून, टोके झाकून, आपल्यासोबत आत न्यायची. जास्तीची बॅटरी किंवा पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीही टाकायची नाही, आग लागण्याची भीती असते.

शिबिरातून मिळालेली साधी घडीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रश्नच नाही. ती सोबत नेण्याचे भाडे लागत नाही. विमानाच्या दारापर्यंत आपलीच खुर्ची वापरू देण्याची मागणी करा. खुर्ची देताना गादी आणि निघणारे पायठेव काढून घ्या, खुर्चीचा फोटो काढा, टॅग लावून घ्या. मोडलेली परत आली तर विमानतळ सोडण्याआधीच नुकसानीचा लेखी अर्ज भरा.

घरी वापरतो तो मोठा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विमानात चालत नाही, तो विजेवर चालतो आणि जडही असतो. घरचा सिलेंडर परस्पर उचलून नेता येत नाही. हाताने नेता येणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र कंपनीच्या मंजुरीने चालते, त्यासाठी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी हवी. काही कंपन्या पैसे घेऊन ऑक्सिजन देतात, पण त्याची मागणी काही दिवस आधीच नोंदवावी लागते.

तपासणीच्या वेळी

नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांचा एक पाय जयपूर फूट आहे. दर वेळी विमानतळावर तो काढून दाखवावा लागतो, याबद्दल त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे आवाज उठवला. सीआयएसएफने माफी मागितली आणि कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो, असे स्पष्ट केले. एका नामांकित कलावंताला हे सोसावे लागते, तर आपल्या गावच्या मावशीचे काय, असा विचार करून गप्प बसू नका. पडद्याआड तपासणी करा, बाईसाठी महिला कर्मचारी बोलवा, असे शांतपणे सांगता येते. पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड आधी दाखवा आणि हाताने तपासणी करायला सांगा.

गावापासून विमानतळापर्यंत

लिंबागणेशहून मांजरसुंबा, बीड, गेवराई करत संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जायचे, नाहीतर पाटोदा-जामखेडकडून पुणे गाठायचे. विमानातल्या दोन तासांपेक्षा रस्त्यावरचे तास जास्त. उन्हाळ्यात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेले इन्सुलिन विमानतळ येण्याआधीच निकामी होते. ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात किंवा थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट चिकटवू नका. सकाळचे विमान असेल तर पहाटे उपाशी इन्सुलिन टोचून घाटात निघू नका, साखर उतरते. भाकरी-चटणी आणि गुळाचा खडा जवळ हवा. रस्त्याला लागणारे तास आणि विमानतळावरचा वेळ, असा हिशेब धरून निघा.

नाकारले तर

आवाज चढवायची गरज नाही. कारण लेखी मागा, कर्मचाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवा, तिकीट सांभाळा. तक्रार आधी कंपनीकडे, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते. दिव्यांगांसाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. ज्यांनी अजून यूडीआयडी कार्ड काढलेले नाही, त्यांनी बीडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

शेवटचे बोलणे तिकीट काढणाऱ्या मुलामुलींशी. मोबाइलवर तिकीट तुम्ही काढता, आई-आबांना त्यातले काही दिसत नाही. पैसे भरण्याआधी त्यांना फोन लावा आणि नेमके विचारा. किती पायऱ्या चढता येतात? रात्री कोणते मशीन लागते? कोणती गोळी कधी? "मला काही नको" हे उत्तर पहिल्या फटक्यात मान्य करू नका. खुर्चीची नोंद तुम्हीच करा, आणि ती झाल्याचा निरोप त्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, म्हणजे काउंटरवर दाखवायला त्यांच्या हातात पुरावा राहील.